बॉल धुऊन दे

भाऊसाहेब बोलले तेव्हा बॉल माझ्या डोक्यावर होता. दोन्ही हातांनी उंच धरलेला. समोर वैष्णवी, शाळेच्या नेटबॉल टीमची गोलकीपर. तीही हात वर करून, टाचा उचलून, माझ्या डोळ्यात डोळे घालून. बाजूले खेळाच्या मॅडम, शिटी तोंडात. अन् चुन्याच्या रेषेबाहेर भाऊसाहेब. शाळा त्यांच्या संस्थेची. गाडीची चाबी बोटात फिरवत होते.

"हा माणूस आतमध्ये काऊन उभा आहे?"

हा माणूस म्हणजे मी. त्या मैदानाले रोज पाणी मीच मारतो. त्या रेषा मीच आखतो. रेषा आखतो तेव्हा मी आतच असतो. तेव्हा कोणी इचारत नाई.

मॅडमनं शिटी काढली. "सर, डिफेन्सचा सराव आहे. आपल्याकडे एवढी उंच शूटर नाही, म्हणून बाबांना उभं केलं."

"बरं. बॉल शाळेचा आहे ना?"

"हो सर."

"मग धुऊन घेत जा. पोरी तोच हात तोंडाले लावतात." मग माझ्याकडे पाह्यलं. "बाबा, बॉल धुऊन दे. साबण लावजो चांगला."

बाबा पण म्हणाले अन् धुऊन दे पण म्हणाले. एकाच दमात.

ओरडले नाईत. ओरडले असते तं मीही काही बोललो असतो. टेबल पुसून घे म्हणावं तसं म्हणाले. मनात राग नाई, काई नाई. रागाले तोंड देता येते. ह्याले काय द्याचं?

हाच बॉल मागच्या हप्त्यात कुंपणाबाहेर शेणात पडला होता. पोरींनी गवताले घासला, लोअरले पुसला अन् खेळल्या. कोणी साबण मागतला नाई.

मी हात खाली घेतले. वैष्णवीचे हात तसेच वर राह्यले. खाली घ्यावे का नाई, तिले समजलं नाई.

शाळेच्या मागे, जेवणाच्या शेडजवळ नळ आहे. तिथं गेलो. साबणाची वडी भांड्यांची, हिरवी. बॉल फिरवत धुतला. फेस आला. माझ्याच हातानं माझाच हात लागलेला धुतला. सगळ्या पोरी पाहून राह्यल्या. परत आणला तं भाऊसाहेब म्हणाले, "खाली ठेव. तिथंच ठेव, घेते ती."

खाली ठेवला. भाऊसाहेबाची पोरगी, तीही टीममध्येच, वाकली अन् उचलला.

मी पाण्याच्या पाइपाकडं गेलो.

जात सांगत नाई. घर सांगतो. वरोऱ्याहून चिमूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावाचं सांडपाणी जिकडं वाहत जाते तिकडं आमचा मोहल्ला. समजा आता.

शिकलो चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील तं असू द्या. कोणाची कीव पाहिजे म्हणून लिहून राह्यलो नाई. कीव लई पाह्यली मी. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

उमर झाली. जवानीत बांबू कटाई केली, अहेरीकडच्या जंगलात, ठेकेदाराच्या हाताखाली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. मी लंबा माणूस. कटाईच्या टोळीत सगळे मले ढोकरी म्हणत. ढोकरी म्हणजे बगळा. आता पाठ वाकली तरी गावात माझ्याएवढा उंच कोणी नाई.

बायको भागरता. तिनं शाळेच्या जेवणाच्या शेडमध्ये काम केलं. पोरांची दुपारची खिचडी शिजते तिथं. कामाले लागली तेव्हा तिले वाटलं, आपण सैपाक करू. तिच्या हाताले चव होती. पह्यल्याच दिवशी तिनं भाताच्या गंजाले हात लावला, उतरवाले. गंज म्हणजे हा एवढा मोठा, दोघींनी धरावा लागते. दुसरी बाई म्हणाली, "राहू दे व भागरता, तू नको. पोरांचे मायबाप बोंबलतात." गोड बोलून म्हणाली. मंग तिनं दुसऱ्या कोणाले तरी हाक मारली.

तेव्हापासून असं ठरलं. भरलेल्या गंजाले भागरतानं हात लावाचा नाई. रिकामा झाला का तो तिचा. नळावर बसाची अन् घासाची. गंज, ताटं, पळ्या. काथ्या अन् राख, मंग मंग ती हिरवी वडी आली. पोरं जेवून ताटं तिच्यापुढं टाकत. खण्णकन. हातात कोणी देत नसत.

मी म्हणायचो, सोड हे काम. ती म्हणायची, "सोडून काय तुमच्यासंग बांबू तोडू? इथी सावली तं आहे." अन् हसायची. तिचं हसणं असं होतं का पुढचं बोलणं बंदच होऊन जाय.

मागच्या उन्हाळ्यात तिले ताप आला. साधा म्हणून घरीच राह्यलो, मंग वरोऱ्याले नेलं, तिथून चंद्रपूरले. ताप डोक्यात गेला म्हणाले. डोळे मिटलेले, बोलणं नाई. पण हात चालू. डाव्या हातानं चादर धरायची अन् उजव्या हातानं गोल गोल, गोल गोल. एक जागा झाली का चादर फिरवायची, दुसरी जागा. नर्स म्हणाली, "आजी काय करून राह्यली हो?"

मी म्हणालो, "भांडे घासून राह्यली."

नर्स जवान होती. तिले वाटलं मी गंमत केली.

हात थांबले तेव्हा मले समजलं गेली.

पोरगी-जावई तिकडं तेलंगणात मिरची तोडाले होते. आले, राह्यले, गेले. मग शाळेतून निरोप आला का मैदानाले पाणी माराले माणूस पाहिजे. भागरताचा नवरा म्हणून मले ठेवलं. उपकार म्हणून ठेवलं. मीही गेलो. घरात बसून काय कराचं?

पण तिथं नळ आहे. मी पाइप लावाले त्या नळापाशी जायचो अन् मले आवाज येत जाय. खर्र, खर्र. काथ्याचा. भर दिवसा, सकाळी, ऊन पडलेलं असते तेव्हा. मागे पाह्यलं तं कोणी नाई. ओलं सिमेंट, त्यावर भाताची शितं, अन् एक कावळा. पाठ फिरवली का पुन्हा. खर्र, खर्र.

कोणाले सांगतलं नाई. सांगून काय होते? म्हातारा पागल झाला म्हणतात.

आता खेळाचं सांगतो. मॅडम नवीन आल्या, नागपूरकडच्या. पोरींची नेटबॉलची टीम बांधली. ह्या खेळात खांब्याले लोखंडी रिंग असते, मागे फळी नसते. बॉल घेऊन पळता येत नाई. जिच्या हातात बॉल ती जागेवर थांबते, दुसरीले देते. पोरी चांगल्या होत्या. पण बचाव कच्चा. समोरची पोरगी लंबी असली का हिच्या डोक्यावरून बॉल जाये अन् गोल होये. गडचिरोलीच्या टीममध्ये अशी एक लंबी पोरगी होती. तिचंच नाव सगळ्या पोरींच्या तोंडात. भूत असल्यासारखं.

एक दिवस मी पाइप ओढून राह्यलो होतो. बॉल घरंगळत आला. मी उचलून फेकला. मॅडमनं परत फेकला, मुद्दाम, जोरात. मी एका हातानं झेलला. त्यांनी आणखी एक फेकला, बाजूले. तोही झेलला.

"बाबा, कॅच भारी आहे हो तुमचा! कुठं शिकलात?"

मी म्हणालो, "मॅडम, आयुष्यभर लोकायनं मले वस्तू फेकूनच देल्ल्या. तंबाखूची पुडी, माचीस, मजुरी. हातात कोनी देल्लीच नाई. झेलता नाई आलं तं धुळीतून उचला लागे."

पोरी खदखदा हसल्या. वैष्णवी तं पोट धरून. मीही हसलो. मॅडम हसल्या नाईत. खाली पाह्यलं अन् म्हणाल्या, "बाबा, जरा इकडं या. रिंगखाली उभे राहता का?"

असा मी आत गेलो.

मॅडमनं मले सांगतलं, बॉल डोक्यावर धरा, रिंगमध्ये टाकल्यासारखं करा, टाकू नका. अन् पोरींनी एक एक करून माझ्यासमोर याचं. मॅडमजवळ एक काठी होती, मापाची, तीन फुटाची. ती माझ्या पायापासून आडवी जमिनीवर ठेवली.

"मुलींनो, नियम लक्षात ठेवा. जिच्या हातात बॉल, तिच्यापासून तीन फूट लांब. जवळ आलात तर फाऊल. हात लावला तर फाऊल. शिवायचं नाही. लांबून उभं राहायचं."

मले राहावलं नाई. म्हणालो, "मॅडम, हा त आमच्या गावचाच खेळ आहे."

ह्यावेळी पोरींच्या लक्षात आलं नाई. दोघी-तिघी नुसत्या हसल्या, म्हातारा काहीतरी बोलला म्हणून. भाऊसाहेबाची पोरगी म्हणाली, "आबाजी, तुमच्या गावात नेटबॉल खेळत होते?"

"खेळत होते ना," मी म्हणालो. "फक्त बॉल आमच्याकडं कधी आला नाई."

मॅडमनं शिटी वाजवली. जोरात.

वैष्णवी पह्यली आली. कापूस-सोयाबीनवाल्याची पोरगी, गावच्या वरच्या अंगाले घर. काठीपलीकडं उभी राह्यली. पंजावर भार, अंग पुढं झुकलेलं, हात वर. मॅडम म्हणाल्या, "बॉलकडं नको, त्यांच्या डोळ्याकडं पाहा. डोळा सांगते केव्हा सोडणार ते."

तिनं पाह्यलं.

हे मी कसं सांगू? माझ्यापासून लांब लई लोक उभे राह्यले. पण ते तोंड फिरवून. नाकाले पदर लावून. ही पोरगी लांब उभी होती अन् तिचं सगळं ध्यान माझ्यावर होतं. माझ्या हातात जे आहे ते तिले पाहिजे होतं. हात वर, पण माराले नाई, हाकलाले नाई. मी जरा हात हलवला का ती उडायची. मी चकवलं का ती चिडायची. "आबाजी, चीटिंग नाई कराची हं!"

मग जागा बदलली. बॉल तिच्या हातात, मी काठीपलीकडं, मले हात वर कराले सांगतलं. तेवढंच अंतर. तोच नियम. तिच्यापासून मी तीन फूट, माझ्यापासून ती तीन फूट. बॉल पाहून अंतर. माणूस पाहून नाई.

डोक्यात घुसलं ते.

दुसरा एक सराव होता. मी दूरवरून आलेला बॉल झेलाचा, पोरगी माझ्याशेजारी चिपकून. बॉल माझ्या हातात आला का तिनं फटकन मागे उडी माराची, अंतर घ्याचं, अन् लगेच हात वर. पोरी अंतर घेत पण हात विसरत. मॅडम ओरडत, "नुसतं मागे सरकून काय करता? सरकायला कोणीही सरकतं! हात वर करा, हात!"

रोज सकाळी तासभर हे चालायचं. मग ऊन तापायचं. घरी जाताना माझे दंड दुखत. चांगलं दुखणं. बांबू तोडल्यावर दुखाचे तसं. अन् त्या तासाभरात नळाचा आवाज येत नसे. रिंगपासून नळ काई दूर नाई. पण आवाज नाई. भागरता गेल्यापासून दिवसातला तो एक तास माझा होता. बाकी सगळा वेळ तिचा.

हे लक्षात ठेवा. मी नंतर काय सोडलं ते समजण्यासाठी सांगून राह्यलो.

तर त्या दिवशी बॉल धुवाले मी नळावर बसलो. उकिडवा. उभ्यानं बॉल नीट धुतल्या जात नाई. बॉल मांडीत घेतला, डाव्या हातानं धरला अन् उजव्या हातानं साबण. गोल गोल. एक जागा झाली का फिरवला, दुसरी जागा.

अन् मी माझा हात पाह्यला.

तो माझा नव्हता. चादरीवरचा हात होता तो.

आवाज मागून नाई आला. माझ्या हातातून आला. खर्र, खर्र. मी थांबलो तं तो थांबला. घासलं तं सुरू. एवढे दिवस मले वाटत होतं ती कुठीतरी मागे बसून घासून राह्यली. ती मागे नव्हती. माझी जागा करून राह्यली होती. आता तू बस म्हणत होती का काय कोण जाणे. का बसू नको म्हणत होती? मेलेल्या माणसाचं समजत नाई. पण मले एवढं समजलं का तिले ज्या जागेवर बसवलं, त्याच जागेवर मले बसवलं. त्याच वडीनं. अन् तिलेही कोणी ओरडून बसवलं नव्हतं.

फेस धुऊन टाकला. बॉल नेऊन दिला. म्हणजे खाली ठेवला. ते वरती सांगतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम पाण्याच्या टाकीपाशी आल्या. खुश होत्या.

"बाबा, मी भाऊसाहेबांशी बोलले काल संध्याकाळी. खूप समजावलं. ते तयार झाले. तुम्ही सरावाला उभे राहा."

मी म्हणालो, "बरं झालं."

"फक्त एक. सराव संपला की बॉल तेवढा धुऊन ठेवत जा. सगळ्यांसमोर नको. पोरी गेल्या की मग."

पोरी गेल्या की मग. तिले वाटलं हे बोलून ती माझी इज्जत राखून राह्यली. मॅडम वाईट नाई. हे लिहिलंच पाहिजे. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता. भाऊसाहेबासमोर शब्द टाकाले हिंमत लागते. पण एवढीच हिंमत होती तिच्याजवळ, अन् ती इथं येऊन संपली.

तो तास माझ्या डोळ्यासमोर आला. वैष्णवीची उडी. दुखणारे दंड. अन् तो सोडला तं दिवसभर काय आहे तेही आलं. मनात म्हणालो, एक बॉल. किती वेळ लागते धुवाले?

मंग म्हणालो, "मॅडम, भाऊसाहेबाची पोरगी बॉल खेळते. तिचा हात लागल्यावर कोन धुते?"

"बाबा, असं काय करता. एवढंसं काम आहे."

"एवढंसं आहे तं राहू द्या ना मंग."

"ते ऐकणार नाहीत."

"काम नाई ते मॅडम. काम कराले मी भेत नाई. सांगा, मैदान खनून देतो. संडास धुवाले सांगा, पगाराचं काम म्हणून धुईन, तो घाण झालेला असते. बॉल घाण नाई. बॉल धुवाचा म्हणजे मी घाण आहे हे मीच रोज कबूल कराचं. पोरी गेल्यावर. एकट्यानं. मी नाई धुनार."

"मग मला तुम्हाला आत घेता येणार नाही."

"नका घेऊ."

आवाज कापत होता माझा. खोटं काऊन सांगू? उमरभर "हो जी, हो जी" करणाऱ्याच्या तोंडून "नाई" निघते तेव्हा ते साफ निघत नाई. खाकरल्यासारखं निघते.

मॅडम गेल्या. थोड्या वेळानं शिटी ऐकू आली. रिंगखाली त्यांनी बांबू उभा केला होता, त्याले वर पिशवी बांधली. पोरी बांबूसमोर हात वर करून उभ्या होत्या. बांबू चकवत नाई, हलत नाई. पोरींचा जीव लागत नव्हता, दुरून दिसत होतं.

हप्त्याभरात पाण्याचं कामही गेलं. काढलं म्हणाले नाईत. "सध्या गरज नाई बाबा, सांगू." आमच्या लोकांमधले दोघं-तिघं आले घरी. एक म्हणाला, "बॉलच त होता न बाप्पा, धुऊन टाकाचा होता. ह्या उमरीत कशाले पंगा घेता?" दुसरा म्हणाला केस करा. मी दोघांलेही चहा पाजला. केस करतील त्यांनी करावी, त्याच्या आड मी येत नाई, बोलावलं तं साक्ष देईन. पण माझं भांडण मले माझ्या तोंडानं भांडाचं होतं.

आता मी घरी असतो. अन् ती घरी येते. नळावर येत होती ती आता चुलीपाशी येते. सकाळी, दुपारी. खर्र, खर्र. मी तिले सांगतलं, "भागरता, नाई धुतला मी. नाई म्हणून आलो." मले वाटलं होतं हे ऐकून आवाज थांबन. नाई थांबला. एक दिवस बी नाई थांबला. ज्यांले वाटते का हिंमत केली का मनाले शांती भेटते, त्यांले मी सांगतो, नाई भेटत. मले तं नाई भेटली.

परवा दुपारी वैष्णवी आली. आमच्या मोहल्ल्यात ती पह्यल्यांदा आली असन. सायकल बाहेर टेकवली. काखेत बॉल. घामानं निथळत होती. पाणी मागतलं. दिलं, पिली. त्याचं मी काई मोठं मानत नाई. तहान लागली होती तिले.

"आबाजी, गडचिरोलीवाल्यांशी मॅच झाली."

"मंग?"

"ते लंबी पोरगी. डोक्यावरून टाकू टाकू मारले तिनं. मी नुसती पाहात राह्यली. हात पुरतच नाई न माझा." रडाले आली होती. "अन् आता विभागाच्या मॅचेस आहेत. तिथं हरली तं माझा बाबा खेळ बंद करते. म्हणते लग्नाचं पाहू. आबाजी, बांबूसमोर काई येत नाई मले. तुम्ही या न."

"अन् बॉल?"

ती चपलेनं माती उकरू लागली. मंग एकदम म्हणाली, घाईनं, वाटभर पाठ करून आल्यासारखी, "ते मी पाहीन. तुम्ही धुवूच नका. मी धुवून टाकीन. मॅडमले सांगतलं मी. मॅडम हो म्हणाली. मी धुवून ठेवीन अन् भाऊसाहेबले वाटन तुम्ही धुतला. तुमाले काईच करा लागत नाई."

मले बरं वाटलं. पोरीनं माझ्यासाठी विचार केला होता. वरच्या अंगाच्या घरची पोरगी, माझा हात लागलेलं धुवाले तयार झाली होती. असं कोणी कोणासाठी करत नाई आमच्या गावात.

अन् त्याच्याच मागून आतून काहीतरी जळत आलं.

"वैष्णवी, बॉल काऊन धुवाचा?"

"भाऊसाहेब म्हणतात न."

"ते काऊन म्हणतात?"

तिनं बॉल दुसऱ्या काखेत घेतला.

"तुले ठाऊक आहे. तोंडानं बोल."

"तुमचा हात लागते म्हणून." हळूच म्हणाली.

"माझ्या हाताले काय झालं?"

"काईच नाई आबाजी."

"मंग तू काय धुशील?"

ती रडाले लागली. मी तिले रडू दिलं. उगी उगी म्हणालो नाई. म्हणालो, "मी येतो. उद्यापासून येतो, दिवसभर उभा राहातो, पैसे नको मले. पण बॉल माझ्या हातातून तुझ्या हातात याचा, अन् तुझ्या हातातून भाऊसाहेबाच्या पोरीच्या हातात. तसाच. मधात नळ नाई. हे जाऊन सांग. मॅडमले सांग, भाऊसाहेबले सांगाची हिंमत असन तं त्यांले सांग. नसन होत तं बांबूसमोर खेळ."

"मी हरली तं?"

"तं हर."

"माझं लग्न लावून देतील आबाजी!"

तिचं सगळं त्या मॅचवर होतं अन् मी "हर" म्हणालो. तिनं माझ्याकडं पाह्यलं. रिंगखाली पाहायची तसंच, डोळ्यात डोळे घालून. मग बॉल घेतला, सायकल घेतली. "लई हट्टी आहा तुम्ही," एवढंच म्हणाली. रागात गेली.

तेव्हापासून इचार करून राह्यलो. माझ्या आज्याले गावात ओंजळीत वरून पाणी ओतत, ते मी पाह्यलं. पण पह्यल्यांदा वरून कोणी ओतलं असन? मले वाटते तो कोणी खराब माणूस नसन. खराब माणसानं पाणीच दिलं नसतं. कोणी दयाळूच असन. तहानलेला माणूस पाह्यला, जीव कळवळला, भांडं तं देता येत नाई मग वरून तरी ओतू म्हणाला असन. अन् माझ्या पणज्यानं हात जोडून ओंजळ पुढं केली असन. चला, एवढं तं केलं म्हणून. त्या दिवसापासून तो रिवाज झाला. दयेनं सुरू झाला अन् पिढ्या खाऊन गेला.

वैष्णवीनं बॉल धुतला असता तं तसंच झालं असतं. ती शाळा सोडून गेल्यावर दुसऱ्या पोरीनं धुतला असता. काऊन ते कोणाले ठाऊक नसतं. फक्त आमच्यातला कोणी खेळला का बॉल धुवाचा, एवढं राह्यलं असतं.

म्हणून पोरीची दया मी घेणार नाई. भाऊसाहेबाचा हुकूम मोडणं सोपं होतं, हे कठीण आहे. तरी नाई. तिचा माझ्यावरचा राग राहू द्या. पुसू नका कोणी. त्या रागात तिनं एक दिवस घरी, मैदानात, भाऊसाहेबाच्या तोंडावर इचारलं पाहिजे का बॉल काऊन धुवाचा. नाई इचारलं तं माझ्यावर रागवत बुढी होईन. तेही चालते मले.

मॅडम येवो, भाऊसाहेब येवो, पोरगी पुन्हा येवो. मी जिवंत आहे तोवर माझ्या हातचा बॉल कोणी धुवाचा नाई. मी नाई, अन् माझ्यासाठी दुसऱ्यानंही नाई. ज्याले घ्याचा त्यानं तसाच घ्याचा. नाईतर मले बोलवाचं नाई.